कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी

भिवंडीतील एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. आपल्यापैकी अनेकांना ते घर ओळखीचे वाटेल. सत्तरी ओलांडलेले आजोबा, आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात आणि कापडाच्या तागांच्या हिशेबात गेलेले. चौविहार वर्षानुवर्षे चुकलेला नाही, पर्युषणात अठ्ठाईही झालेली. गेले काही महिने शौचाच्या वेळी त्यांना अधूनमधून रक्त दिसते. मूळव्याध असेल, उन्हाळा आहे, तिखट खाल्ले असेल, अशी समजूत काढून त्यांनी ते कुणाला सांगितलेले नाही. चातुर्मास आटोपला की पाहू, असे मनाशी ठरवून टाकले आहे. शेवटी जिना चढताना दम लागू लागतो, रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघते आणि डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर सारे बाहेर येते. डॉक्टर कोलोनोस्कोपी सांगतात.

घरी येतो तो सूचनांचा एक कागद आणि पांढऱ्या पुडीचे एक पाकीट. कागदावर लिहिलेले असते, अर्धे औषध रात्री ८ वाजता, उरलेले पहाटे ४ वाजता. आजोबा कागद बाजूला ठेवतात. “आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलो आहे मी. आदल्या दिवशी उपवास करतो, पोट आपोआप रिकामे होईल. ही पावडर कशाला? आणि रात्री तर मी पाण्याचा थेंबही घेत नाही.” सूनबाईंना उत्तर सुचत नाही. “बाबा, डॉक्टरांनी लिहिले आहे” एवढेच त्या म्हणू शकतात.

आजोबांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे. ते वेळेवर मिळाले नाही, तर तपासणी पुढे ढकलली जाते किंवा अर्धवट होते. या लेखाचा विषय ती उत्तरे आणि तयारीच्या दिवशी प्रत्यक्षात काय घडते, हा आहे.

डॉक्टर नेमके काय पाहतात?

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. लहान आतड्याकडून आलेल्या पातळ द्रवातील पाणी आणि क्षार शोषून घेणे आणि उरलेल्याचा मळ बनवणे, हे त्याचे काम. कोलोनोस्कोपीत गुदद्वारातून एक लवचीक नळी आत सरकवली जाते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, शिवाय बारीक अवजारे आत नेण्यासाठी एक पोकळ मार्गही असतो. डॉक्टर आतड्याच्या भिंतीचे अस्तर इंचाइंचाने पडद्यावर न्याहाळतात. १९६९ साली न्यू यॉर्कमध्ये डॉ. विल्यम वुल्फ आणि मूळचे जपानी असलेले डॉ. हिरोमी शिन्या यांनी पोट न उघडता याच मार्गाने आतड्यातील गाठ तारेच्या फासाने काढून दाखवली. तेव्हापासून ही तपासणी निदानाबरोबर उपचाराचेही साधन झाली.

अस्तरावर उगवणाऱ्या या लहान गाठींना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. काहींचे मात्र कालांतराने कर्करोगात रूपांतर होते आणि त्याला सामान्यतः दहाएक वर्षे लागतात. या काळात पॉलिप सापडला आणि काढला, तर पुढचा रोग टळतो. अडचण अशी, की काही पॉलिप देठावर लोंबणारे नसून भिंतीला चिकटलेले, चपटे आणि तिच्याच रंगाचे असतात. असे पॉलिप विशेषतः आतड्याच्या उजव्या भागात आढळतात. त्यांच्यावर मळाचा पातळ थर असला, तरी अनुभवी डॉक्टरांची नजरही त्यांवरून पुढे निघून जाते. धूळ बसलेल्या काचेतून कापडातला एक तुटलेला धागा शोधावा, तसा हा प्रकार आहे.

जगभरातील अनुभव असा, की सुमारे पाचातील एका रुग्णाची तयारी अपुरी ठरते. अशा वेळी तपासणी पुन्हा करावी लागते. खर्च, रजा, भूक आणि जुलाब हे सारे दुसऱ्यांदा. त्याहून वाईट म्हणजे, अपुऱ्या तयारीवर ‘काही दिसले नाही’ असा अहवाल आला, तर त्यातून मिळणारा दिलासा फसवा असतो.

उपवास पुरेसा का नाही?

उपवासात अन्न वरून जात नाही, हे खरे. पण मोठ्या आतड्यात आधीच असलेला मळ त्यामुळे बाहेर पडत नाही. उलट, खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते आणि आत असलेला मळ अधिक कोरडा, चिकट होतो. अठ्ठाई करणाऱ्यांपैकी अनेकांना त्या दिवसांत शौचाला होत नाही, हा अनुभव आपल्या घरांत नवा नाही.

दुसरे असे, की मळ म्हणजे केवळ न पचलेले अन्न नव्हे. त्याच्या घन भागाचा मोठा हिस्सा जीवाणूंचा असतो. आतड्याच्या गळून पडलेल्या पेशी, श्लेष्म आणि पित्त यांचीही त्यात भर पडते. माणूस उपाशी असला, तरी हे सारे तयार होतच राहते. म्हणून आठ दिवस तप केलेल्या व्यक्तीचे आतडेही तपासणीच्या अर्थाने स्वच्छ नसते. तपश्चर्येचे फळ वेगळे आणि आतडे धुण्याचे काम वेगळे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

यात एक धोकाही आहे. वृद्ध व्यक्तीने आदल्या दिवशी निर्जळ उपवास केला आणि वर जुलाबाचे औषध घेतले, तर शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. चक्कर, रक्तदाब उतरणे, मूत्रपिंडावर ताण हे त्याचे परिणाम. तयारीच्या दिवशी अन्न कमी आणि पाणी भरपूर, हे सूत्र आहे.

तीन दिवस आधीपासूनचे स्वयंपाकघर

बहुतेक डॉक्टर दोन-तीन दिवस आधीपासून कमी चोथ्याचा आहार सांगतात. एरवी आरोग्यदायी म्हणून ज्यांचे कौतुक होते, तेच पदार्थ या दिवसांत बाजूला ठेवायचे असतात. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, सालीसकट डाळी, मका, काकडी, टोमॅटोच्या बिया, पेरू, डाळिंब, सीताफळ, शेंगदाणे आणि सुका मेवा वर्ज्य. तीळ, खसखस, जवस आणि ओवाही नकोत. या बारीक बिया नळीच्या मार्गात अडकतात आणि शोषण्याचे काम थांबवतात. म्हणून जेवणानंतरचा मुखवासही या दिवसांत बंद ठेवावा. फोडणीतील जिरे-मोहरी गाळून टाकावी किंवा फोडणीच देऊ नये. इसबगोल नियमित घेणाऱ्यांनी ते कधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारावे.

चालते काय? पांढरा भात, सालीविना मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, साधी इडली, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा, पातळ ताक, साल व बिया काढून शिजवलेला दुधी. रुग्णालयाच्या छापील यादीत बटाटा हमखास असतो. आपल्या घरात तो नसला, म्हणून काही अडत नाही. भात आणि मूगडाळ तेच काम करतात.

आयंबील करणाऱ्यांसाठी एक सूचना. तेल-तूप नसलेला आयंबिलाचा आहार हलका असतो, म्हणून तो तयारीला योग्यच असणार, असे वाटू शकते. नुसत्या भाताचे आयंबील खरोखर चालण्यासारखे आहे. परंतु चणे, अख्खे मूग किंवा उडीद यांचे आयंबील चोथ्याने भरलेले असते. ओळीच्या दिवसांत तपासणी ठरली असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

तपासणीच्या आदल्या दिवशी सामान्यतः केवळ पारदर्शक द्रव पदार्थ घ्यायचे असतात. काही डॉक्टर सकाळी हलका नाश्ता करू देतात. ज्या द्रवाच्या पेल्यातून पलीकडचे दिसते, तो पारदर्शक, एवढी खूण पुरे. पाणी, शहाळ्याचे मलईविना पाणी, गाळलेले लिंबू सरबत, मूगडाळीचे किंवा दुधीचे गाळलेले पाणी, दुधाविना चहा, गर नसलेला सफरचंदाचा रस यांत बसतात. दूध आणि लस्सी बसत नाहीत. लाल किंवा जांभळ्या रंगाचे काहीही नको. कोकम सरबत, द्राक्षाचा रस, गुलाबाचे सरबत यांचा रंग आतड्याच्या भिंतीवर रक्तासारखा भासतो.

छापील यादीत मध आणि जेलीही आढळते. मध आपल्याकडे वर्ज्य आहे आणि बाजारातील जेलीत बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ असतो. दोन्ही वगळले, तरी तयारीत काही उणे पडत नाही. गोडी हवी असल्यास साखर घातलेले गाळीव लिंबूपाणी पुरे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र साखरेबाबत डॉक्टरांचा शब्द पाळावा.

पाकिटात काय असते?

१९८० पूर्वी या तपासणीसाठी दोन-तीन दिवस द्रव आहार, एरंडेल आणि वारंवार एनिमा असा त्रासदायक क्रम असे. १९८० साली अमेरिकेत डॉ. जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांचे द्रावण सुचवले. आजही ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. पॉलिएथिलीन ग्लायकॉल शरीरात जवळजवळ शोषले जात नाही. ते पाणी स्वतःजवळ धरून ठेवते आणि आतड्यातून वाहत जाते. सोबतचे क्षार अशा प्रमाणात असतात, की शरीरातील क्षार फारसे बाहेर जात नाहीत आणि बाहेरचे आत येत नाहीत. थोडक्यात, नळातून पाणी सोडून पाइप धुवावा, तसे हे धुणे आहे. हा पदार्थ कृत्रिमरीत्या बनवलेला असून प्राणिजन्य नाही, हेही जाणून घेण्यासारखे आहे.

भारतात मिळणारे नेहमीचे मोठे पाकीट २ लिटर पाण्यात विरघळवायचे असते. याशिवाय सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम यांचे मिश्रण, तसेच सल्फेट क्षारांचे द्रावण ही औषधेही वापरात आहेत. ती प्रमाणाने कमी प्यावी लागतात, पण त्यांच्यासोबत साधे पाणी भरपूर घेणे बंधनकारक असते. फॉस्फेटयुक्त औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली दिला होता. म्हणून शेजाऱ्याच्या घरी उरलेले पाकीट आणून वापरणे हा शहाणपणा नव्हे. वय, मूत्रपिंड आणि हृदय पाहून डॉक्टरांनी जे लिहिले असेल, तेच घ्यावे.

फेस कमी करण्यासाठी सिमेथिकोन, तर काही वेळा बायसॅकोडिलच्या गोळ्याही दिल्या जातात. मऊ कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. ते टाळायचे असल्यास तेच औषध थेंबांच्या किंवा चघळण्याच्या गोळीच्या रूपात मिळेल का, हे आधीच विचारावे. आदल्या संध्याकाळी दुकान बंद होताना हा शोध सुरू करू नये.

चौविहार आणि पहाटेचा पेला

आता आजोबांचा दुसरा प्रश्न. अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी, अशी विभागणी का करतात? लहान आतड्यातून पित्तयुक्त द्रव रात्रभर खाली उतरत राहतो. सगळे औषध संध्याकाळीच संपवले, तर सकाळपर्यंत उजव्या भागावर पुन्हा चिकट थर बसतो. चपटे पॉलिप तिथेच लपतात, हे वर आलेच आहे. म्हणून औषधाचा दुसरा भाग तपासणीच्या सुमारे ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचा असतो. तपासणी सकाळी ९ वाजता असेल, तर पहाटे ४ चा पेला अटळ ठरतो.

पण तपासणी दुपारी ठेवता आली, तर गणित बदलते. २ किंवा ३ वाजताची वेळ मिळाल्यास दुसरा भाग सूर्योदयानंतर, नवकारशीची ४८ मिनिटे झाल्यावरही घेता येतो. पहिला भाग आदल्या दिवशी दुपारी ४ च्या सुमारास सुरू केला, तर सूर्यास्तापूर्वी संपतो. दुपारच्या तपासणीसाठी संपूर्ण औषध त्याच सकाळी देण्याची पद्धतही मान्यताप्राप्त आहे. म्हणजे नियम आणि तपासणी यांचा मेळ अनेकदा वेळ ठरवतानाच घालता येतो. मात्र त्यासाठी डॉक्टरांना आधी सांगावे लागते. “आम्ही सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, दुपारची वेळ मिळेल का?” हे वाक्य उच्चारण्यात संकोच कशाला?

दुपारची वेळ सर्वांना मिळेल किंवा मानवेल, असे नाही. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, फार अशक्त वृद्ध यांना रात्रभर पाण्यावाचून ठेवणे धोक्याचे ठरू शकते. जुलाब रात्री उशिरापर्यंत चालू राहिले आणि तहान लागली, तर पाणी द्यावेच लागते. आपल्या परंपरेने याचा विचार केलेलाच आहे. पच्चक्खाणांत आगार असतात. त्यांतील सर्वसमाधीचा आगार तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक ठेवतो. गावात विराजमान असलेल्या महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना आधीच विचारून घ्यावे. त्यांचे मार्गदर्शन मिळाले, की ज्येष्ठांच्या मनावरील ओझे उतरते. रात्री बारा वाजता सुनेने आग्रह करायचा आणि सासऱ्यांनी तोंड फिरवायचे, असा प्रसंग मग येत नाही.

द्रावण साध्या पिण्याच्या पाण्यात करायचे असते. त्यामुळे उकळून गार केलेले पाणी उत्तमच. उकळलेल्या पाण्याचा काळ चातुर्मासात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच मानला जातो. पावसाळ्यात संध्याकाळी उकळलेल्या पाण्याचा काळ पहाटेपर्यंत संपत येतो, म्हणून दुसऱ्या भागासाठी पाणी वेगळे उकळण्याची तजवीज ठेवावी. मात्र एकच मोठे पाकीट असेल, तर अर्धी पूड काढून ठेवू नये. घटक खाली-वर बसलेले असल्याने दोन्ही भाग सारखे होत नाहीत. दोन लहान पाकिटे मिळतील का, हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला अगोदर विचारणे सोयीचे.

प्रत्यक्ष ती संध्याकाळ

द्रावणाची चव खारट आणि किंचित तेलकट लागते. थंड केल्यास ते सुसह्य होते. लिंबाचे काही थेंब चालतात. साधारण २५० मिलिलिटरचा एक पेला दर १० ते १५ मिनिटांनी घ्यावा. घोट घोट रेंगाळत पिण्यापेक्षा पेला एका दमात संपवणे बरे. नळीने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायल्यास चव कमी जाणवते. पेल्यांच्या मधे घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात.

पहिल्या अर्ध्या तासात काहीच घडत नाही, फक्त पोट फुगल्यासारखे वाटते. सुमारे तासाभरात पहिली वेळ येते, काहींना त्याहून उशीर लागतो. त्यानंतर दोन-तीन तास शौचालयापासून फार लांब जाता येत नाही. मळ प्रथम घट्ट, मग पातळ, मग गढूळ पाण्यासारखा आणि शेवटी पिवळसर, स्वच्छ, जवळजवळ लघवीसारखा होतो. हा शेवटचा टप्पा म्हणजे तयारी पूर्ण झाल्याची खूण. दुसऱ्या भागानंतरही गढूळ किंवा तपकिरी पाणीच येत असेल, तर निघण्यापूर्वी रुग्णालयाला फोन करून सांगावे. लपवू नये. कधी कधी आणखी थोडे औषध देऊन किंवा वेळ थोडी पुढे करून काम भागते.

थंडी वाजणे, मळमळ, थोडा मुरडा हे नेहमीचे. मळमळ वाढली, तर अर्धा तास थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. गुदद्वाराची जळजळ टाळण्यासाठी सुरुवातीलाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे, पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे, घासू नये. मात्र सतत उलट्या, असह्य पोटदुखी, पोट दगडासारखे कडक होणे, भोवळ येऊन पडणे किंवा तीन तास होऊनही शौचाला मुळीच न होणे, यांपैकी काही घडले, तर पुढचा पेला थांबवून डॉक्टरांना तातडीने कळवावे.

घराचीही तयारी लागते. ज्या वसाहतींत पाणी ठरावीक वेळीच येते, तिथे बादल्या आणि टाकी दुपारीच भरून ठेवावी. शौचालयाच्या वाटेवर दिवा चालू असावा, फरशी कोरडी असावी. गुडघे दुखणाऱ्यांना दहा-बारा वेळा बसणे-उठणे अवघड जाते, त्यांच्यासाठी खुर्चीची सोय करावी. चाळीत सामाईक शौचालय असेल, तर ती रात्र नातलगाकडे काढावी किंवा रुग्णालयात दाखल होऊन तयारी करता येईल का, हे विचारावे. आणि वृद्ध व्यक्तीला त्या रात्री एकटे झोपू देऊ नये. तोल जाऊन पडल्याने होणारी इजा औषधाच्या त्रासापेक्षा महाग पडते.

नेहमीच्या गोळ्यांचा हिशेब

तपासणी ठरतानाच सर्व औषधांची लेखी यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. लोहाच्या गोळ्या सामान्यतः पाच ते सात दिवस आधी बंद करतात, कारण त्यांमुळे मळ काळा आणि चिकट होतो. मधुमेहाची औषधे आणि इन्सुलिन यांची मात्रा त्या दिवसांपुरती बदलावी लागते. उपाशीपोटी नेहमीची मात्रा घेतली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नयेत. ज्यांना हृदयात स्टेंट बसवला आहे, त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. रक्तदाबाची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घेता येते, पण लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबत वेगळे सांगितले जाऊ शकते. जुने बद्धकोष्ठ असेल, तर तेही सांगावे. अशा रुग्णांना अधिक तयारी लागते.

भिवंडीहून निघताना

भिवंडीकर अशा तपासणीसाठी अनेकदा ठाणे, कल्याण किंवा मुंबई गाठतात. कशेळी-काल्हेरचा रस्ता असो, मानकोलीवरून महामार्गाला लागणे असो, की रांजणोली नाक्यावरून कोनमार्गे कल्याण, गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांत गाडी अडकली, की वेळेचा अंदाज चुकतो. पोट पूर्ण थांबलेले नसताना कशेळीच्या पुलावर तासभर उभे राहणे ज्येष्ठ माणसाला फार ओशाळवाणे वाटते. म्हणून औषध संपल्यावर किमान दोन तास घरी थांबता येईल, अशा बेताने वेळ आखावी. गाडीच्या आसनावर जुनी चादर, सोबत एक जोडी कपडे, टॉवेल आणि प्रौढांसाठीचा डायपर घ्यावा. डायपर वापरण्यात कमीपणा नाही, ही सोय एका प्रवासापुरती आहे. ठाण्यात नातलग असतील, तर आदल्या दुपारीच त्यांच्याकडे मुक्कामाला जाणे सर्वांत उत्तम.

तपासणी साधारण अर्ध्या तासाची असते. गुंगीचे औषध दिल्याने बहुतेकांना त्रास आठवतही नाही. नंतर काही काळ पोटात वायू फिरतो. त्या दिवशी वाहन चालवू नये आणि धनादेश, मुखत्यारपत्र किंवा कोणत्याही दस्तऐवजावर सही करू नये. गुंगीचा अंमल वाटतो त्यापेक्षा अधिक काळ टिकतो. पॉलिप काढला असेल, तर पुढच्या दिवसांत जास्त रक्तस्राव, ताप किंवा पोटदुखी झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

अहवालातील एक ओळ

अहवाल हाती आला, की सगळ्यांची नजर निष्कर्षाकडे जाते. त्याआधीची एक ओळ सहसा कुणी वाचत नाही. ती तयारीच्या दर्जाची असते. अनेक ठिकाणी त्यासाठी बोस्टन मापनपद्धती वापरतात. आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ९ पैकी. प्रत्येक भागाला किमान २ गुण असतील, तर तयारी पुरेशी मानली जाते. ही ओळ चांगली असेल, तेव्हाच ‘आतडे निर्दोष’ या शब्दांवर विसंबता येते.

अमेरिकेत लक्षणे नसली, तरी ४५ व्या वर्षापासून मोठ्या आतड्याच्या तपासणीची शिफारस केली जाते. आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तशी सरसकट पद्धत नाही. म्हणूनच लक्षणांकडे दुर्लक्ष न करणे अधिक महत्त्वाचे ठरते. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकून राहिलेला बदल, कारण नसताना घटलेले वजन आणि उतारवयात लोहाच्या कमतरतेने आलेला पांडुरोग ही ती लक्षणे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता चाळिशीतच सल्ला घ्यावा. आपण शाकाहारी आहोत, नियमाने राहतो, आपल्याला हे होणार नाही, हा विश्वास अनेकांना असतो. शाकाहाराने धोका कमी होत असेल, पण तो संपत नाही.

पुन्हा त्या घराकडे वळू. सूनबाई रुग्णालयात फोन करतात, दुपारी अडीचची वेळ मिळते. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी पहिला भाग संपतो. रात्री गरज पडली, तर पाणी घ्यायचे, हे महाराजसाहेबांना विचारून आधीच ठरलेले असते. नातू पेल्यांची मोजदाद कागदावर मांडतो आणि आजी दिवा चालू ठेवून जाग्या राहतात. सकाळी नवकारशी झाल्यावर आजोबा दुसरा भाग हाती घेतात आणि नाक मुरडत, पण न चुकता, शेवटचा पेला रिकामा करतात.

अहवालात काय निघेल, ते तपासणीच सांगेल. पण इतके महिने एकट्याने बाळगलेली गोष्ट आता साऱ्या घराची झाली आहे आणि तिचा शोध नीट घेतला जाणार आहे.